एका पाटावरचे दोघे

‘रायव्हल’ या इंग्रजी शब्दाची जन्मकथा बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेली आढळते. लॅटिनमध्ये ‘रीवुस’ म्हणजे ओढा किंवा पाट; त्यावरून ‘रीवालिस’ म्हणजे एकाच पाटाचे पाणी वापरणारा; आणि पाण्यावरून शेजारी भांडतातच, म्हणून रीवालिसचा अर्थ झाला प्रतिस्पर्धी. कथा सुटसुटीत आहे आणि तिच्यातील प्रत्येक तुकडा सुटा पाहिला तर खराही आहे. तरीही ती वाचताना मला नेहमी वाटत आले की त्या ‘भांडतातच’मध्ये फार काही घाईघाईने झाकले गेले आहे. एका पाटावर शेती करणारी माणसे वर्षातले बहुतेक दिवस भांडत नसतात. ती पाळ्या लावतात, पावसाळ्याआधी गाळ काढतात, फुटलेला बांध मिळून बांधतात आणि आपली पाळी संपली की पाणी खालच्याकडे सोडून घरी जातात. हे सगळे रीवालिस या शब्दात कधी होते का, आणि असेल तर ते कुठे आणि केव्हा गळून पडले, हे पाहण्यासाठी मी जुन्या मजकुरांतील त्याच्या जागा शोधत गेले.

सर्वांत स्पष्ट जागा कायद्याच्या ग्रंथात आहे. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये रोमन कायद्याचा जो महासंग्रह अमलात आणला, त्या ‘डायजेस्ट’च्या त्रेचाळिसाव्या खंडात पाण्याच्या हक्कांची प्रकरणे एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांतील बराचसा मजकूर तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा कायदेपंडित उल्पियान याचा आहे. उल्पियानला व्याख्या करण्याची आवड होती. रीवुस म्हणजे काय, तर लांबीने खोलगट असलेली अशी जागा की जिच्यातून पाणी धावत जाते, असे तो सांगतो. आणि लगोलग व्युत्पत्तीही देतो, की हे नाव ‘वाहणे’ या अर्थाच्या ग्रीक ‘ऱ्हेइन’ या क्रियापदावरून पडले. आजचे भाषाशास्त्रज्ञ त्याची ही व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत. ग्रीक ‘ऱ्हेइन’ हे संस्कृत ‘स्रवति’चे भावंड आहे, म्हणजे आपल्या ‘स्राव’ आणि ‘पाझरणे-स्रवणे’ या कुळातले; रीवुसचे नाते मात्र ‘री’ या दुसऱ्या संस्कृत धातूशी जोडले जाते, ज्याचा अर्थ वाहणे, वाहू देणे. ऋग्वेदातील ‘रीति’ म्हणजे प्रवाह, धार. तोच शब्द पुढे प्रवाहाच्या वळणावरून वागण्याच्या वळणाकडे गेला आणि मराठीत ‘रीत’ होऊन राहिला. गावात पाणी रीतीप्रमाणे द्यावे असे कोणी म्हणते तेव्हा ते नकळत रीवुसच्या एका दूरच्या आतेभावाचे नाव घेत असते, हे मला कळले त्या दिवशी फार आनंद झाला होता.

पाण्याच्या या प्रकरणांपैकी एकाचे शीर्षकच ‘रोजचे आणि उन्हाळ्याचे पाणी’ असे आहे. त्यात प्रेटर या न्यायाधिकाऱ्याचा मनाईहुकूम दिला आहे, आणि त्याचा मथितार्थ असा, की या वर्षी तू हे पाणी जबरदस्तीने नव्हे, चोरून नव्हे आणि कोणाच्या तात्पुरत्या मेहेरबानीवर नव्हे असे नेले असशील, तर तसेच नेण्यास तुला कोणी बळाने अडवू नये. या तीन नकारांत पाण्याच्या हक्काचा सगळा प्रामाणिकपणा मावलेला आहे. ज्याने कधी चारीवर रात्र काढली आहे त्याला यातील ‘चोरून नव्हे’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. त्याच प्रकरणात पुढे रीवालिसचे बहुवचन ‘रीवालेस’ येते. उल्पियान लिहितो, की रीवालेसमध्ये, म्हणजे जे एकाच पाटातून पाणी नेतात त्यांच्यामध्ये, पाण्याच्या वापरावरून तंटा झाला आणि दोघेही वापर आपलाच असल्याचे म्हणत असले, तर दुहेरी मनाईहुकूम दोघांनाही मिळतो.

हे वाक्य मी पुनःपुन्हा वाचले. व्याख्या एवढीच आहे: जे एकाच पाटातून पाणी नेतात ते. तंटा त्या व्याख्येत नाही. तो ‘झाला तर’ने बाहेरून येतो. तंटा नसतानाही ते रीवालेसच असतात, आणि तंटा मिटल्यावरही रीवालेसच राहतात, कारण पाट तोच असतो. शिवाय ‘दुहेरी मनाईहुकूम’ हा साधा शब्दप्रयोग नाही. दुसऱ्या शतकातील गाइयुस या कायदेशिक्षकाने त्याचा अर्थ उलगडून सांगितला आहे: अशा दाव्यात दोन्ही पक्षांची स्थिती समान असते, विशेषेकरून वादी किंवा विशेषेकरून प्रतिवादी असा कोणी नसतो, प्रत्येकजण दोन्ही भूमिका एकदम पार पाडतो. इतर दाव्यांत एक मागणारा आणि एक देणारा असतो. इथे मात्र दोघेही मागणारे आणि दोघेही देणारे, आणि न्यायालय दोघांनाही एकच आज्ञा ऐकवते. रोमन कायद्याला ही बाब उमगली होती की एका पाटावरच्या दोघांना वादी-प्रतिवादी असे चिरून वेगळे करता येत नाही.

कायद्याचे ग्रंथ तंट्यापासून सुरू होतात, तो त्यांचा धर्म आहे. तंटा नसलेले रीवालेस पाहायचे तर काशाच्या आणि दगडाच्या लेखांकडे जावे लागते. १९९३ मध्ये स्पेनमधील सारागोसाजवळच्या आगोन येथे काशाचा एक मोठा लेख सापडला. तो सम्राट हेड्रियनच्या काळातला आहे आणि एब्रो नदीवरून काढलेल्या एका पाटाचे नियम त्यात कोरलेले आहेत. म्हणूनच त्याला ‘लेक्स रीवी हिबेरिएन्सिस’ म्हणतात, म्हणजे एब्रोच्या रीवुसचा कायदा. त्यात सभासदांची बैठक आहे, बैठक बोलावणारे अधिकारी आहेत, हजर न राहणाऱ्याला आणि काम न करणाऱ्याला दंड आहे. सर्वांत जिवंत भाग सफाईचा आहे. पाटाच्या वरच्या तोंडापासून अगदी खालच्या बांधापर्यंत प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याने पाट साफ करावा आणि दुरुस्त करावा, असे तो सांगतो, आणि खालचा बांध कोणता हे कळावे म्हणून रेक्टुस नावाच्या एका सेंच्युरियनच्या, म्हणजे रोमन सैन्यातील अधिकाऱ्याच्या, जागेची खूण देतो. एरवी त्या रेक्टुसची कोणाला आठवण राहिली असती? त्याची जागा पाटाच्या शेवटाला होती एवढ्यावरून त्याचे नाव आज टिकून आहे. पाटाच्या शेवटाला ज्याची जमीन असते त्याची काळजी सर्वांत मोठी असते हे सर्व देशांत सारखेच. वरच्याने गाळ काढला नाही तर सोसावे लागते ते खालच्याला.

आफ्रिकेच्या उत्तर भागातील लामास्बा, म्हणजे आजच्या अल्जीरियातील एका गावाचा शिलालेख याहून अधिक बोलका आहे, कारण त्यात जवळजवळ नुसती यादी आहे. सम्राट एलागाबालुसच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. २१८ ते २२२ या काळात, तिथल्या लोकांनी पाण्याच्या पाळ्या दगडावर कोरून घेतल्या. शेतकऱ्याचे नाव, त्याच्या जमिनीचा आकडा, अमुक दिवशी अमुक तासापासून अमुक तासापर्यंत, एकूण इतके तास. काहींच्या नावापुढे अर्धा तासही मोजलेला आहे. पाळ्यांचा आरंभ २५ सप्टेंबरला होतो. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीनेही आफ्रिकेतील ताकापे या मरूद्यानाबद्दल लिहिताना सांगितले आहे की तिथला झरा भरपूर असूनही त्याचे पाणी रहिवाशांना ठराविक तासांनुसार वाटून दिले जाते. लामास्बाच्या यादीत कोणाचेही भांडण नोंदलेले नाही. ती यादी करण्याआधी भांडणे झाली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण ती झाल्यावर माणसांनी पाथरवट बोलावला आणि अर्ध्या तासापर्यंतचा हिशेब दगडावर घातला, हीसुद्धा रीवालेसची कहाणी आहे, आणि दोन ओळींच्या त्या कथेत हिला जागा मिळत नाही.

हे लेख मला परके वाटत नाहीत याचे कारण खानदेशातील माझे आजोळ आहे. तिथले शेत एका चारीवर होते आणि वरचे शेत ज्यांचे होते त्यांच्याशी आजोबांचा बांधावरून अबोला होता. अबोला कधी सुरू झाला हे घरात कोणी सांगत नसे, पण लग्नकार्यातही दोघे एका पंगतीला बसत नसत. उन्हाळ्यात पाण्याची पाळी रात्री आली की आजोबा फावडे घेऊन दारे धरायला जात आणि मी हट्टाने मागे जाई. वरच्या शेतातली शेवटची सरी भरली की ते गृहस्थ मातीचे ढेकूळ लावून आपले दार बंद करीत, हाताला लागलेला चिखल पाटात धूत आणि आजोबांकडे न पाहता मला म्हणत, “आबांना सांग, पाणी तुमच्याकडे लागलं.” मी दोन हातांवर उभ्या असलेल्या आजोबांना ते सांगे. आजोबा म्हणत, “म्हणावं, ठीक आहे.” मी तेही पोचवी. त्या अबोल्यात एकदाही पाळी चुकली नाही, आणि दार उघडे टाकून कोणी निघून गेले नाही. आमच्या त्या शेजाऱ्यांना आजोबांचे काय म्हणावे, वैरी की भागीदार, हे मला तेव्हा कळत नव्हते. रीवालिस हा शब्द मी पुढे वाचला तेव्हा त्या दोघांसाठी तो नेमका वाटला.

धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीने काही शतके शेती झाली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड, आणि एका फडात सर्वांनी मिळून ठरवलेले एकच पीक. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, देखरेख हवालदाराची, राखण जागल्याची, आणि निर्णय पंचांचा. सरकारी कालव्यांवरही आपल्याकडे ‘शेजपाळी’ नावाची व्यवस्था आहे, ज्यात लगतच्या शेतांना ठरलेल्या क्रमाने, बहुधा खालच्या टोकाकडून वर, पाणी मिळत जाते. शेज आणि पाळी, लगत असणे आणि क्रमाने घेणे, या दोन गोष्टी मिळून जे नाते तयार होते त्यालाच रोमन शेतकरी रीवालिस म्हणत असावा, असे मला वाटते.

इथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उल्पियानचे वाक्य तिसऱ्या शतकातले आहे, आणि रीवालिस हा शब्द त्याच्या चारशे वर्षे आधीपासून रंगभूमीवर वापरला जात होता, तोही पाण्याच्या नव्हे तर प्रेमाच्या संदर्भात. एकाच स्त्रीवर प्रेम करणारे दोघे म्हणजे रीवालेस. तेव्हा पाटाचा अर्थ आधीचा आणि प्रेमाचा नंतरचा हे आपण शब्दाच्या घडणीवरून म्हणतो, लेखी पुराव्याच्या तारखांवरून नाही. घडण इतकी उघड आहे की ते म्हणणे योग्यच आहे. कृषिप्रधान रोममध्ये रीवुसपासून बनलेला शब्द आधी पाटावरच बनला असणार. पण या अडचणीमुळे मी त्या नाटकांकडे वळले, आणि तिथे मला अपेक्षेहून वेगळे काही मिळाले.

रोमन नाटककार प्लॉटसचे ‘स्टिखुस’ हे नाटक इ.स. पूर्व २०० मध्ये रोममध्ये झाले. त्यात स्टिखुस आणि सांगारिनुस या दोन गुलामांची प्रेयसी एकच आहे, स्टेफानियुम. आपण रीवालेस आहोत असे स्टिखुस सरळ सांगतो, आणि त्यात तक्रारीचा सूर नसतो. नाटकाचा शेवट या तिघांच्या मेजवानीने होतो. दोन रीवालेस एका चषकातून पितात आणि यातच मौज आहे असे म्हणतात. टेरेन्सच्या इ.स. पूर्व १६१ मधील ‘युनुखुस’ या नाटकातही शेवटी एक पात्र असा सल्ला देते, की त्याच स्त्रीच्या मागे असलेल्या सैनिकाला रीवालिस म्हणून आत घ्यावे, कारण त्याच्याकडे खर्चायला पैसा आहे आणि खाऊ घालायची हौस आहे. ज्याला आत घ्यावे असा सल्ला देता येतो तो नुसता शत्रू कसा असेल? तो वाटेकरी आहे. कवी कातुल्लुसने तर जूलियस सीझर आणि त्याचा मर्जीतला अधिकारी मामुर्रा यांच्यावर केलेल्या जळजळीत कवितेत ‘रीवालेस’ आणि ‘सोकिई’, म्हणजे भागीदार, हे दोन शब्द एकमेकांना चिकटून ठेवले. नाटकवाल्यांनी पाट सोडला, पण वाटा सोडला नव्हता.

भांडणाची कथा ज्यांनी रूढ केली ते नंतरचे टीकाकार. चौथ्या शतकातील दोनातुस या भाष्यकाराने टेरेन्सवर टीप लिहिताना हा शब्द थेट जनावरांपर्यंत नेला: तहानलेली रानटी जनावरे एकाच ओढ्यावर येतात आणि एकमेकांवर तुटून पडतात, त्यावरून रीवालेस. ही टीप वाचून मला दुःख झाले. उल्पियान आणि दोनातुस यांच्यात फार तर दीड शतकाचे अंतर आहे, पण तेवढ्यात पाळी लावणारी माणसे जाऊन त्यांच्या जागी जनावरे आली. जनावरे पाट खणत नाहीत आणि त्यातला गाळ काढत नाहीत. दोनातुसने ओढा ठेवला आणि श्रम काढून टाकले, आणि श्रम काढून टाकले की उरते ती तहान आणि झुंज.

वाट्यातून वैराकडे जाण्याची ही वाट लॅटिनची एकटीची नाही, हे संस्कृतात पाहिले म्हणजे ध्यानात येते. संस्कृतात शत्रूला ‘सपत्न’ म्हणतात. वरवर हा पुल्लिंगी शब्द मूळचा वाटतो, पण तो ‘सपत्नी’वरून मागाहून पाडलेला आहे. सपत्नी म्हणजे सवत, एकाच पतीत वाटा असलेली. आपला ‘सवत’ हा शब्दही तिथूनच आला. म्हणजे वेदकाळच्या पुरुषांनी आपल्या प्रतिस्पर्ध्यांसाठी नाव घेतले ते घरातल्या बायकांच्या सोसण्यातून. दुसरा शब्द ‘भ्रातृव्य’. मूळ अर्थ चुलतभाऊ, पुतण्या, आणि वेदवाङ्मयात सर्रास अर्थ वैरी. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्रच दिले आहे, ‘व्यन् सपत्ने’, म्हणजे सपत्न या अर्थी भ्रातृ शब्दाला व्यन् प्रत्यय लागतो. मराठीने ‘भाऊबंद’ आणि ‘भाऊबंदकी’ या जोडीत हाच प्रवास पुन्हा केला. भाऊबंद हा अजूनही आपला माणूस असतो, पण त्याला ‘की’ लागली की कोर्टकचेरी आठवते. रोमनांनी पाण्यावरून, वैदिकांनी पतीवरून आणि वडिलार्जित मालमत्तेवरून हे शब्द घडवले. दूरच्या, अनोळखी, ज्याच्याशी काहीच सामाईक नाही अशा माणसावरून यांपैकी एकही शब्द बनलेला नाही.

इंग्रजीत रायव्हल आला तो फ्रेंचमार्गे, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि येताना त्याने जुना अर्थ थोडा काळ बरोबर आणला. याचा पुरावा शेक्सपिअरमध्ये आहे. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात एल्सिनोरच्या तटावर पहारा बदलतो आहे, कडाक्याची थंडी आहे, आणि बर्नार्डो निघालेल्या पहारेकऱ्याला सांगतो, की होरेशिओ आणि मार्सेलस हे माझ्या पहाऱ्याचे रायव्हल भेटले तर त्यांना लवकर यायला सांग. इथे रायव्हल म्हणजे जोडीदार, एकाच कामाच्या पाळीत वाटा असलेले. आजचा इंग्रजी वाचक इथे अडखळतो. पण नाटकाच्या १६०३ च्या पहिल्या छापील आवृत्तीत, जी मूळ संहितेचे बिघडलेले रूप आहे असे बरेच अभ्यासक मानतात, याच जागी ‘पार्टनर’ असा शब्द आहे. पुढच्या, १६०४ च्या आवृत्तीत रायव्हल आहे. एकाच वाक्याच्या एकाच जागेवर, एका वर्षाच्या अंतराने, हे दोन शब्द एकमेकांचा अर्थ सांगत उभे आहेत. शब्दकोशाला याहून चांगला साक्षीदार मागता येणार नाही. ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’तही ऑक्टेवियस सीझरने लेपिडसला युद्धात वापरून घेतले आणि मग ‘रायव्हॅलिटी’ नाकारली असे एक पात्र सांगते. रायव्हॅलिटी म्हणजे बरोबरीचा वाटा, विजयाच्या श्रेयातला भाग.

त्याच शेक्सपिअरने बहुतेक ठिकाणी मात्र रायव्हल हा प्रतिस्पर्धी याच अर्थी वापरला आहे आणि पुढे तोच उरला. त्या काळात इंग्रजीत ‘कोरायव्हल’ असाही शब्द चालत होता, ‘सह’ अर्थाचा उपसर्ग लावलेला. ज्या शब्दाच्या हाडातच ‘सह’ आहे त्याला पुन्हा ‘सह’ लावावा लागला, यावरून आतला वाटा बोलणाऱ्यांच्या कानातून गेला होता हे दिसते. मूळ रीवुस तेवढा दुसऱ्या एका शब्दात शाबूत राहिला. इंग्रजीत व्युत्पत्तीला ‘डेरिव्हेशन’ म्हणतात, आणि त्याचा लॅटिन अर्थ मोठ्या प्रवाहातून पाट काढून पाणी वळवणे हाच आहे. उलट ‘रिव्हर’ या शब्दाचा रीवुसशी काही संबंध नाही. तो ‘रीपा’, म्हणजे काठ, यावरून आला आहे.

रीपावरून आलेलाच एक शब्द आपल्या पाणीतंट्यांत रोज वापरला जातो: ‘रायपेरियन’, म्हणजे काठावरचा. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादासमोर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश ही रायपेरियन राज्ये म्हणून उभी होती. काठ ज्याचा त्याचा वेगळा असतो, त्यामुळे या शब्दात प्रत्येकजण आपल्या किनाऱ्यावर एकटा उभा राहू शकतो. लवादाने वाटणी केली ती मात्र एकाच पाण्याची: महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. वर्तमानपत्रे या राज्यांना तेव्हाही प्रतिस्पर्धी म्हणत होती आणि आजही म्हणतात. उल्पियानने त्यांना रीवालेस म्हटले असते, आणि तिघांनाही एकच मनाईहुकूम ऐकवला असता.